परक्या वर्दीतला सोमनाथ

जवान गेल्याची बातमी जिल्हा वार्ताहराकडे तीन वाटांनी येते. आधी गावातून, कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर. मग तहसीलमधून. सर्वांत शेवटी सैनिक कल्याण कार्यालयातून, आणि खरी धरायची ती शेवटचीच. तोवर वार्ताहराला गावात जाऊन एक काम उरकायचं असतं. घरातून जवानाचा वर्दीतला फोटो मिळवायचा. बहुतेक वेळा आईला काही कळलेलं नसतं. शेजारच्या बायकांनी तिला कुठल्या तरी कामात गुंतवून ठेवलेलं असतं आणि पुरुष मंडळी दारात उगाच ऊसपाण्याच्या गप्पा मारत उभी असतात. अशा वेळी ‘सत्काराला फोटो हवाय’ असं सांगून तो मागायचा. ती माउली पदराने काच पुसून फोटो हातात देते. हे या धंद्यातलं सर्वांत वाईट काम.

धाराशिव जिल्ह्यात मी नोकरीची सगळी वर्षं हे काम केलं. पुढचा क्रम गावांनाच पाठ झालेला असतो. गायरानावर जेसीबीने जागा साफ होते, चौथरा उभा राहतो, टँकर येऊन धूळ बसवतो, शाळेची मुलं रांगेत लागतात, ट्रॅक्टरची ट्रॉली झेंडूने सजते. ढोकीच्या बाजूला गळीत हंगामात एक जवान गेला, तेव्हा ट्रॉलीला चिकटलेली मळी काढायला सारी पोरं दुपारपर्यंत खपली होती. त्याच अंत्ययात्रेत दोन पुढारी पार्थिवाच्या डोक्याशी कोण उभं राहणार यावरून हमरीतुमरीवर आले. सोबत आलेल्या सुभेदाराने शांतपणे सांगितलं, “साहेब, पायाकडं दोन जागा रिकाम्या हायेत.” दोघेही मुकाट पायाकडे गेले. अशा गोष्टी छापायच्या नसतात. जवानाच्या बातमीत वाक्यं आणि विशेषणं दोन्ही ठरलेली असतात. नाव, गाव आणि पलटण तेवढी बदलायची.

सोमनाथची बातमी मात्र त्या साच्यात बसली नाही. त्याचं आडनाव, गाव आणि तो ज्या देशात मेला त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. पहिल्या दोन गोष्टी घरच्यांच्या इच्छेमुळे. देशाचं नाव एवढ्यासाठी नाही, की ते लिहिलं की वाचणारे लगेच बाजू घेतात आणि सोमनाथ मागे पडतो. तो आपला जुना मित्रदेश आहे, त्याचं शेजाऱ्याशी युद्ध चालू आहे आणि आपण त्याच्याकडून शस्त्रं आणि तेल घेतो. एवढं पुरे.

अणदूरच्या पलीकडे हमरस्त्यापासून थोडं आत सोमनाथचं गाव. वडील सिद्रामप्पा यांचं किराणा दुकान, मागे थोडी शेती. घर लिंगायत. घरात आईशी कानडी, बाहेर मराठी. सोमनाथ एकुलता एक. त्याला फौजेत जायचं होतं आणि त्यासाठी तो किसनराव हवालदारांच्या अकॅडमीत होता. आमच्याकडे अशा भरती अकॅडम्या गावोगाव आहेत. पत्र्याची एक शेड, उंच उडीचा खांब, वाळूची पोती आणि पहाटे हमरस्त्याच्या कडेने धावणारी पोरं. किसनराव तोफखान्यातून निवृत्त झालेले. जिल्हाभर लोक त्यांना ‘फौजी’ म्हणतात. सोमनाथ त्यांच्याकडचा सगळ्यांत चपळ मुलगा.

पण त्याच्या उमेदीच्या काळात भरती थांबली. पुन्हा सुरू झाली ती चार वर्षांच्या बोलीवर, आणि तोवर सोमनाथ वयात बसेना. त्या वेळी मी याच विषयावर बातमी करत होतो. किसनरावांना विचारलं, असं का?

“पैसा, साहेब,” ते म्हणाले. “संरक्षणाचा पैसा जातो कुठं? पगारात अन् पेन्शनीत. मग तोफा कशानं घ्यायच्या? म्हणून पोरं कमी घ्यायची अन् चार वर्षांत घरी धाडायची. मी हितं बसून च्या पितोय न्हवं, त्यो सुदिक संरक्षणाच्या पैशातनंच.” स्वतःच हसले. “मी जितका जगंन तितका देशाला तोटा.”

त्यांची तोफ त्या मित्रदेशाचीच होती. तिचा वाटीएवढा एक भाग तिकडून यायचा. “त्यो येईस्तोवर तोफ ताडपत्रीखाली, अन् आमी पत्ते कुटत बसायचो. ज्येच्या वाटीवर आपली तोफ चालती, त्येच्याफुडं आवाज कोण चढवंल, सांगा.”

“मग इथेच का करत नाही आपण?”

“करतोय की. पण ज्येला त्येला आजच्या आज तोफ पायजे, अन् कारखान्याला वीस वर्षं लागत्यात.”

तेव्हा हे एका निवृत्त माणसाचं बोलणं म्हणून मी टिपून घेतलं. बातमीत ते आलं नाही.

सोमनाथ त्या देशात गेला तो मोबाइलवरचा एक व्हिडिओ पाहून. तिथे सुरक्षारक्षकाचं आणि गोदामात मदतनिसाचं काम, लढाईशी संबंध नाही, वर्षानंतर कायम राहण्याचा परवाना. किसनरावांनी नको म्हणून सांगितलं होतं. सिद्रामप्पांनीही. तो आईला म्हणाला, आपला दोस्त देश आहे, तिथं कसली भीती? आईने चांदीच्या लहान डबीतलं इष्टलिंग नव्या दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधलं. लिंगायत माणसाच्या गळ्यात ते जन्मापासून असतं आणि मेल्यावर तळहातावर ठेवून त्याच्यासोबत मातीत जातं.

काही महिन्यांनी सिद्रामप्पा किसनरावांना घेऊन माझ्याकडे आले. बुटके, स्वच्छ धोतर, कपाळावर विभूती. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. मोबाइल पुढे धरला. झाडांमध्ये खणलेल्या खंदकात सोमनाथ उभा होता. अंगात त्या देशाची वर्दी, बाहीवर त्यांचा झेंडा शिवलेला, छातीवर त्यांच्या लिपीत काहीतरी लिहिलेली पट्टी. तो हळू आवाजात सांगत होता, की उतरल्यावर एका कागदावर सही घेतली, तो वाचता येईना, आता सोडत नाहीत, पुढे पाठवणार आहेत. शेवटी आईसाठी कानडीत दोन शब्द. अव्वा, ऊटा आयतु. आई, जेवण झालं.

“गळ्यात दोरा दिसत न्हाय,” सिद्रामप्पा म्हणाले. व्हिडिओतली त्यांना खटकलेली पहिली गोष्ट ती होती.

किसनराव म्हणाले, “छापा, साहेब. उद्याच्या उद्या छापा.”

“थांब, फौजी.” सिद्रामप्पांनी हात वर केला. “छापलं अन् तिकडं त्येला रागानं फुडं ढकललं तर? पोरगं त्यांच्या मुठीत हाय.”

अशा वेळी आमचा एकच नियम असतो. ज्याचा जीव अडकला आहे, त्याचं घर सांगेल तसं. मी बातमी ठेवून दिली आणि दिल्लीत फोन लावले. एका अधिकाऱ्याने नाव न छापण्याच्या अटीवर मोकळेपणाने सांगितलं. “आम्ही त्यांना कळवलंय, पुन्हा कळवू. काही मुलं सुटलीत, हळूहळू आणखी सुटतील. आरडाओरडा केला तर सुटणाऱ्यांची यादीच बंद होईल. उद्या आपण संबंध तोडले तर उरलेली मुलं सोडवायला कुणाच्या दारात जाणार?” मी विचारलं, आपल्या नागरिकाला परस्पर सैन्यात घालतात, तर तो प्रश्न विनंतीचा की हक्काचा? ते म्हणाले, “हक्काचाच. पण त्यांच्याशी आपली आणखी बारा कामं चालू असतात.”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. काही मुलं खरोखर परत आली. तेव्हाही मला ते खोटं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मी हे सिद्रामप्पांना जसंच्या तसं सांगितलं. किसनराव उसळले. “विनंती? माझ्या घरातली भांडी शेजाऱ्यानं उचलून नेली तर मी विनंती करंन व्हय?”

सिद्रामप्पा म्हणाले, “त्येच्याच पिठावर तुजी चूल चालत असंल तर करशील, फौजी. म्या दुकानदार हाय. उधारीवरच्या गिऱ्हाइकाचा आवाज किती असतो मला म्हाईत हाय.” मग माझ्याकडे वळले. “थांबू, साहेब. यादीत नाव येईस्तोवर थांबू.”

थांबले. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते मला फोन करायचे आणि एकच विचारायचे, काही आलं का? याच काळात तिकडचे पाहुणे दिल्लीत येऊन गेले. हस्तांदोलनाचं छायाचित्र आमच्या पहिल्या पानावर होतं. खाली मजकूर होता, की संरक्षण क्षेत्रातील सहकार्य वाढवण्यावर एकमत. त्या सकाळी सिद्रामप्पांचा आवाज जरा चढा होता. “आता आपल्या लोकांनी जेवताना विषय काढला असंल की. व्हय ना?” मी म्हटलं, काढला असेल.

सोमनाथचा फोन बंद झाला, तेव्हा सिद्रामप्पांनीच सांगितलं, आता छापा. छापलं. दिल्लीहून खुलासा आला, की प्रश्न त्या देशाकडे उपस्थित केला आहे. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एक यादी आली. सोमनाथचं नाव तीत होतं. ती यादी सुटलेल्यांची नव्हती.

पार्थिव विमानाने हैदराबादला येणार आणि तिथून रुग्णवाहिकेने हमरस्त्याने उमरग्यावरून गावात, असं कळलं. गावाने काय करायचं? आमच्या गावांना वर्दीतल्या मरणाचा एकच क्रम माहीत आहे. त्यांनी तो सुरू केला. चौथरा झाला, टँकर आला, ट्रॉली सजली. दुकानं बंद झाली. अकॅडमीची पोरं सारख्या रंगाच्या ट्रॅकसूटमध्ये दोन रांगांत उभी राहिली. वेशीवर मोठा फ्लेक्स लागला. सोमनाथचा वर्दीतला फोटो एकच होता, तो परक्या वर्दीतला, आणि तो चालणार नव्हता. म्हणून फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर त्याचा चेहरा आपल्या फौजेच्या वर्दीवर बसवला होता. मान थोडी तिरकी आली होती. खाली लिहिलं होतं, ‘शहीद जवान सोमनाथ अमर रहे’. कुणाच्या मनात फसवणूक नव्हती. त्याला जे व्हायचं होतं ते त्यांनी त्याला करून टाकलं.

रुग्णवाहिका थांबली. पोरांनी पेटी चौथऱ्यावर ठेवली आणि कुणीतरी तिच्यावर तिरंगा पसरला. घोषणा सुरू झाल्या.

तहसीलकडून नायब तहसीलदार आल्या होत्या. तरुण बाई. त्यांनी किसनरावांना बाजूला घेतलं. “काका, तुम्हाला नियम माहितेय. हा ध्वज काढावा लागेल. ते आपल्या सैन्यात नव्हते.”

“म्हाईत हाय, ताई.”

“मी कुणाला सांगू? लोक अंगावर येतील.”

आलेच होते. मागून आवाज आला, “आमचा पोरगा तिकडं भीक मागाया गेलता व्हय? दोस्तासाठीच मेला न्हवं?” दुसरा म्हणाला, “तिकडचाबी झेंडा न्हाय, हिकडचाबी न्हाय, मग काय पोतं टाकायचं व्हय त्येच्यावर?”

किसनराव चौथऱ्यावर चढले. त्यांनी पेटीला कडक सलाम केला आणि गर्दीकडे न बघता ध्वजाचं एक टोक उचललं. तिरंग्याची घडी घालायला दोघं लागतात. पोरांपैकी कुणी पुढे आलं नाही. तेव्हा नायब तहसीलदार बाई चपला काढून वर गेल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. घडी झाली. जवानाच्या घरी ती घडी बापाच्या हातात देतात. किसनरावांनी ती छातीशी धरली आणि तसेच खाली उतरले. घोषणा थांबल्या होत्या.

या सगळ्या वेळात सिद्रामप्पा पेटीजवळ उभे होते. त्यांचं ध्वजाकडे लक्ष नव्हतं. ते म्हणाले, “पेटी उघडा.”

सोबतच्या कागदावर उघडू नये असं लिहिलेलं होतं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी समजावलं. सिद्रामप्पा ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “डाक्टर, आत कोन हाय ते बघितल्याबिगर मी मातीत घालनार न्हाय. आमच्यात आडवं घालत न्हायत. बसवायचा असतो. धुऊन, विभूती लावून, हातावर लिंग देऊन. एवढंच तर मागतोय.”

गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून मेहबूबभाईंना बोलावलं. बाहेरची पेटी लाकडी, आत जस्ताच्या पत्र्याची, झाळून बंद केलेली. ठिणगी नको म्हणून त्यांनी यंत्र लावलं नाही. छिन्नीने कोपरा उचकटला आणि पत्रा कापायच्या कात्रीने कापत गेले. बायकांना घरात नेलं होतं. आम्ही तोंडावर रुमाल बांधले होते.

आत सोमनाथच होता. डाव्या भुवईवरची लहानपणची खूण सिद्रामप्पांनी बोट लावून पाहिली. गळ्यात काही नव्हतं. अंगात पूर्ण वर्दी. बाहीवर झेंडा, छातीवर नावाची पट्टी.

“हे काय लिवलंय?” त्यांनी विचारलं.

कुणालाच वाचता येत नव्हतं. त्याचं नाव असेल, मी म्हटलं.

“त्येचं नाव हितल्या लिपीत हाय. हे दुसऱ्या कुनाचं तरी हाय. काढा हे कापड.”

विधी करायला आलेले जंगम स्वामी जवळ आले. वाकून पाहिलं आणि सिद्रामप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. “अप्पा, शरीर राह्यलं न्हाय. धुता येनार न्हाय. बसवता येनार न्हाय. कापड काढाया गेलं तर…”

सिद्रामप्पांनी मेहबूबभाईंच्या हातातली कात्री मागून घेतली. पत्र्याची कात्री कापडाला नीट चालत नाही. त्यांना वेळ लागला. त्यांनी बाहीवरचा झेंडा कापला, छातीवरची पट्टी कापली आणि दोन्ही खिशात घातलं. मग कपाळाला विभूती लावली आणि घरून आणलेलं नवं इष्टलिंग पोराच्या हातावर ठेवलं. हात उघडत नव्हता, म्हणून ते मनगटाला बांधलं. बसवायचा म्हणून खणलेला खोल खड्डा अकॅडमीच्या पोरांनी उतरून लांब केला आणि त्यात सोमनाथला आडवं ठेवलं. सलामी झाली नाही. परत निघालो तेव्हा वेशीवरच्या फ्लेक्सवर तिरक्या मानेचा सोमनाथ तसाच होता.

आमच्या वर्तमानपत्रात बातमी आली ती आतल्या पानावर. परक्या वर्दीतला फोटो कॉलरखाली कापला होता. पृष्ठ लावणाऱ्याने स्वतःहून कापला. कुणी सांगितलं नव्हतं.

मी निवृत्त झालो. मागच्या थंडीत सिद्रामप्पांचा फोन आला. फार दिवसांनी, सकाळच्या त्याच वेळेला. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं, की त्या देशाची एक तुकडी आपल्या फौजेसोबत संयुक्त सरावासाठी येत आहे. ठिकाण आमच्याकडून दिवसभराच्या प्रवासावर. “फोटू आलाय. एक आपला, एक त्यांचा, गळ्यात हात घालून. त्येच्या बाहीवर तेच हाय. ते मी कापलंय त्येच.”

“हो, अप्पा.”

“मग त्यांच्या हातात देऊन येतो की. त्यांचं हाय, त्यांच्याकडं जाऊ दे. घरात ठेवून घेता येत न्हाय अन् फेकवत न्हाय. त्येच्या अंगावरचं हाय.”

मी सांगितलं, आत सोडणार नाहीत. किसनरावांनीही सांगितलं. मग आम्ही तिघंही गेलो. येडशीहून रेल्वेने, पुढे एसटीने. वाटेत सिद्रामप्पा एकदाच बोलले. “भांडायला न्हाय चाललो, फौजी. तू तोंड उघडू नगंस.”

फाटकाच्या बरंच अलीकडे एक अडसर होता. तिथे आपला एक जवान उभा होता. कोवळा, मिसरूड नुकतं फुटलेलं. आत कुठेतरी बँड वाजत होता, पाहुण्यांच्या स्वागताचा. त्याने आम्हाला थांबवलं. किसनरावांनी आपली पलटण सांगितली, तसा तो सावध उभा राहिला.

“सर, तुमी फौजी हाव. तुमाला सांगायला पायजे का? कुनाला सोडायचा हुकूम न्हाय. पाव्हने आत हायेत.”

बोली ऐकून सिद्रामप्पांनी विचारलं, “कुटला रं तू?”

“भूमकडचा, अप्पा.”

“आपलाच की. पाव्हन्यास्नी एक वस्तू द्यायची व्हती.”

“न्हाय चालत, अप्पा. माझी नोकरी जाईल.”

“मग नगं,” सिद्रामप्पा लगेच म्हणाले. उजवा हात कोटाच्या खिशात त्या झेंड्यावर आणि पट्टीवर होता, तो बाहेर आला नाही. वळता वळता त्यांनी विचारलं, “किती वर्षांची नोकरी तुजी?”

“चार. दोन झाली.”

“अन् मग?”

जवान हसला. इकडे तिकडे बघून आवाज खाली आणत म्हणाला, “घ्यायचे तेवढे कायम करून घेत्यात. न्हाय घेतलं तर बघू. बाहेरच्या देशात फौजी पोरांना लई मागणी हाय म्हनं. आमच्यातली दोघं एजंटाशी बोलून ठेवून हायेत.”

किसनराव काहीतरी बोलायला गेले. सिद्रामप्पांनी त्यांच्या दंडाला हात लावून थांबवलं. मग त्यांनी खिशातली मूठ बाहेर काढली आणि अडसरावर ठेवून त्या पोरापुढे उघडली.